३सी २७३ साठी अतिनील डिटेक्टरची मांडणी : प्रकल्प नोंदी

१४ जून

एम.एस्सी. द्वितीय वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांचा प्रकल्प आज निश्चित केला. हबल अवकाश दुर्बिणीवर मे २००९ मध्ये बसवलेल्या ‘कॉस्मिक ओरिजिन्स स्पेक्ट्रोग्राफ’ या उपकरणाचा दूर-अतिनील डिटेक्टर एका ठरावीक निरीक्षणासाठी कसा लावावा, याचा पूर्ण आराखडा कागदावर करायचा आणि त्यातील प्रत्येक निवडीचे कारण जुन्या निरीक्षणांच्या सार्वजनिक डेटामधून तपासायचे, असे कामाचे स्वरूप आहे. दुर्बिणीचा वेळ मागण्याचा हा प्रस्ताव नाही. परंतु वेळ मागणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाला जे जे ठरवावे लागते ते सर्व या दोघांनी ठरवावे, अशी माझी अपेक्षा आहे. वरुड तालुक्यातील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा, वर्णपटमापक आणि ग्रेटिंग नेहमी आयते मांडलेले असते. विद्यार्थी वाचने घेतात, आलेख काढतात आणि प्रयोगवही तपासून घेतात. उपकरण असेच का मांडले, हा प्रश्न त्यांच्यासमोर एम.एस्सी. संपेपर्यंत क्वचितच येतो.

लक्ष्य म्हणून ३सी २७३ हा क्वासार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचे अतितेजस्वी केंद्र, घेतला. कन्या राशीतील या वस्तूची ताम्रसृती (प्रकाश लांब तरंगलांबीकडे सरकण्याचे प्रमाण) ०.१५८ असल्याचे मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ओळखले आणि क्वासार म्हणजे काय, हे तेव्हापासून उलगडू लागले. दृश्य प्रकाशात त्याची प्रत (तेजाचे माप; अंक लहान तितके तेज जास्त) सुमारे १२.९ आहे, म्हणजे क्वासारांमध्ये तो तेजस्वी गणला जातो. आम्हाला मात्र त्याच्या वाटेत असलेला वायू पाहायचा आहे. त्याचा प्रकाश आपल्याकडे येताना कन्या दीर्घिकासमूहाच्या परिसरातून जातो आणि तिथल्या विरळ हायड्रोजनच्या दोन शोषण रेषा हबलच्या पहिल्या पिढीतील उपकरणांनी टिपल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याच दोन रेषा या डिटेक्टरवर स्वच्छ मिळवण्यासाठी काय करावे लागेल, हा आमचा प्रश्न आहे.

१८ जून

आजचा दिवस डिटेक्टरची रचना समजून घेण्यात गेला. पुढच्या सगळ्या निर्णयांची मुळे या रचनेत आहेत, म्हणून ती येथे सविस्तर लिहून ठेवतो.

अतिनील प्रकाश आरशावरून परावर्तित होताना प्रत्येक वेळी बराच कमी होतो, त्यामुळे या उपकरणाच्या दूर-अतिनील मार्गात दुर्बिणीच्या आरशांनंतर केवळ एकच परावर्तन ठेवले आहे. तीच वक्र ग्रेटिंग प्रकाश विखुरते, तो डिटेक्टरवर एकत्र आणते आणि हबलच्या मुख्य आरशातील सुप्रसिद्ध दोषाचीही भरपाई करते. डिटेक्टरचे दोन खंड आहेत, अ आणि ब. प्रत्येक खंडाचे संवेदनशील क्षेत्र ८५ मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर उंच असून दोहोंमध्ये सुमारे ९ मिलिमीटरची फट आहे. पुढे काचेची किंवा स्फटिकाची खिडकी नाही, कारण खिडकी घातली असती तर सर्वांत लघु तरंगलांबीचा प्रकाश तिथेच शोषला गेला असता.

फोटॉन सिझियम आयोडाइडच्या लेपावर पडतो आणि एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. त्यामागे सूक्ष्म छिद्रांच्या तीन काचपट्ट्या एकावर एक ठेवलेल्या आहेत, ज्यांना मायक्रोचॅनेल प्लेट म्हणतात. उच्च विद्युतदाबामुळे तो एक इलेक्ट्रॉन छिद्राच्या भिंतींवर आपटत जातो, प्रत्येक आघातात आणखी इलेक्ट्रॉन सुटतात आणि तळाशी सुमारे एक कोटी इलेक्ट्रॉनांचा ढग बाहेर पडतो. तो ढग खालच्या वाहक जाळीवर पडला की निर्माण झालेले विद्युत स्पंद जाळीच्या दोन टोकांना वेगवेगळ्या वेळी पोहोचतात आणि त्या वेळांच्या फरकावरून फोटॉन कुठे पडला ते काढले जाते. म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्यात असतात तसे ठोकळेबंद पिक्सेल येथे मुळात नाहीतच. प्रत्येक खंडाची १६,३८४ गुणिले १,०२४ पिक्सेलची प्रतिमा इलेक्ट्रॉनिक्सने मोजलेल्या वेळांतून तयार होते. तापमान बदलले की ही मोजणी किंचित ताणली किंवा आकसली जाते, म्हणून दोन कोपऱ्यांत कृत्रिम विद्युत स्पंद सतत सोडून त्यांच्या जागेवरून पूर्ण प्रतिमा दुरुस्त केली जाते.

विद्यार्थिनीने येथे नेमका प्रश्न विचारला, “सर, १,०२४ ओळी आहेत तर वर्णपट हवा तितका वर-खाली सरकवता येईल ना?” तिलाच हिशेब करायला सांगितला. उभ्या दिशेने एक पिक्सेल सुमारे २४ मायक्रॉनचा, म्हणून १० मिलिमीटर उंचीत जेमतेम चारशेच्या वर ओळी बसतात. बाकीच्या ओळी केवळ मोजणीच्या चौकटीतील मोकळी जागा आहेत. वर्णपट हलवण्यासाठी जागा फार थोडी आहे, ही गोष्ट तिने स्वतः काढली ते बरे झाले. पुढे ती पावलोपावली लागणार आहे.

२५ जून

पेरणीचे दिवस असल्याने विद्यार्थी दोन दिवस शेतावर होता. विद्यार्थिनीने संग्रहातून ३सी २७३ च्या आणि काही प्रमाण श्वेतबटू ताऱ्यांच्या फाइली उतरवायला घेतल्या. दुपारी वारंवार लाइन जात असल्यामुळे हे काम रात्रीवर ढकलले आहे.

३ जुलै

फाइलींमध्ये प्रत्येक फोटॉनची नोंद स्वतंत्र आहे: तो कुठे पडला, कधी पडला आणि त्याने निर्माण केलेला इलेक्ट्रॉनांचा ढग किती मोठा होता. ढगाचा आकार ० ते ३१ या अंकांत लिहिलेला असतो आणि त्याला स्पंद-उंची म्हणतात. आम्ही पायथॉनमध्ये खंड ब च्या एका छोट्या चौकटीतील सर्व स्पंद-उंचींचा आलेख काढला. सुरुवातीच्या वर्षांतील निरीक्षणात त्याचा उंचवटा अंकांच्या मध्यभागाकडे, छान गोलाकार आणि दोन्ही बाजूंनी उतरता दिसला. त्याच जागेच्या नंतरच्या निरीक्षणात तो उंचवटा डावीकडे सरकून शून्याच्या दिशेने चेपल्यासारखा झालेला होता. दोन्ही आलेख एकाच पडद्यावर एकाखाली एक लावले तेव्हा दोघेही बराच वेळ काही न बोलता ते पाहत राहिले.

या घसरणीचे कारण डिटेक्टरच्या वापरातच आहे. मायक्रोचॅनेल प्लेटच्या एखाद्या छिद्रातून जसजसा अधिक विद्युतभार काढला जातो, तसतशी त्या छिद्राची नवे इलेक्ट्रॉन देण्याची क्षमता कमी होते. पडणारा प्रत्येक फोटॉन एक कोटीच्या आसपास इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, म्हणून प्रत्येक फोटॉनबरोबर त्या जागेच्या शिल्लक आयुष्याचा लहानसा अंश खर्च होतो. एखाद्या जागी स्पंद-उंचीचे सर्वाधिक आढळणारे मूल्य ३ किंवा त्याखाली गेले, की ती जागा थकली असे धरले जाते, कारण तेव्हा अनेक खऱ्या फोटॉनांचे स्पंद उंबरठ्याखाली राहून मोजणीतूनच सुटतात. वर्णपटात तिथे खड्डा दिसतो आणि नवख्याला ती शोषण रेषा वाटू शकते. शोषण रेषा शोधणे हेच आमचे काम असल्याने हा धोका आमच्यासाठी सर्वांत मोठा आहे.

यावरचे दोन उपाय विद्यार्थिनीला समजावून सांगावे लागले नाहीत. तिच्या वडिलांची संत्र्याची बाग आहे आणि आमच्या भागात भूजलाचा उपसा इतका झाला आहे की बोअरचे पाणी आटले की मोटर आणखी खाली सोडायची आणि तेही संपले की बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात नवी बोअर घ्यायची, हे तिने लहानपणापासून पाहिले आहे. डिटेक्टरवरही विद्युतदाब वाढवून त्याच जागेतून काही काळ पुरेसा ढग मिळवता येतो, आणि ते भागेनासे झाले की वर्णपट नव्या जागी सरकवावा लागतो.

११ जुलै

वर्णपटाच्या या नव्या जागांना आयुष्य-स्थाने म्हणतात. २००९ पासून पहिले स्थान वापरात होते. जुलै २०१२ मध्ये दुसरे, फेब्रुवारी २०१५ मध्ये तिसरे, ऑक्टोबर २०१७ मध्ये चौथे, ऑक्टोबर २०२१ मध्ये पाचवे आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सहावे सुरू झाले. दुसरे स्थान मूळ जागेपासून एका बाजूला सुमारे ३.५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), तर तिसरे विरुद्ध बाजूला सुमारे २.५ आर्कसेकंद अंतरावर आहे. स्थाने फार जवळ घेतली तर शेजारच्या थकलेल्या पट्ट्याची बाधा होते आणि फार दूर घेतली तर प्रकाशमार्ग मूळ आखणीपासून हटल्यामुळे रेषा किंचित पसरट होतात. मूळ जागी जी१३०एम या दूर-अतिनील ग्रेटिंगची, जी आम्ही वापरणार आहोत, विभेदनक्षमता (जवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवण्याची क्षमता) सर्वांत चांगली होती. पुढील स्थानांवर तिच्यातील थोडा भाग आयुष्य वाढवण्यासाठी सोडावा लागला.

विद्युतदाबाविषयी आज बरीच चर्चा झाली. विद्यार्थ्याचे म्हणणे होते की दाब पहिल्यापासून जास्तीत जास्त ठेवला तर एकही फोटॉन सुटणार नाही. हे खरे असले, तरी दाब जास्त म्हणजे प्रत्येक फोटॉनमागचा ढग मोठा आणि त्याच प्रमाणात झीजही जास्त. म्हणूनच नव्या स्थानांवर कमी दाबाने सुरुवात करून, जागा थकत जाईल तसा तो टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत रूढ झाली. दाब किती ठेवायचा हे निरीक्षक ठरवत नाही, ते उपकरणाची देखरेख करणारे ठरवतात. तरीही फाइलीच्या मथळ्यात दोन्ही खंडांचा दाबस्तर लिहिलेला असतो आणि दोन वेगळ्या वर्षांच्या निरीक्षणांची तुलना करण्यापूर्वी तो वाचलाच पाहिजे, असा नियम आम्ही आमच्यापुरता केला आहे. ढग लहान झाला की फोटॉनची मोजलेली जागाही थोडी सरकते, त्यामुळे हा नियम तरंगलांबीसाठीही तितकाच आवश्यक आहे.

दक्षिण अटलांटिकवरच्या भागात पृथ्वीच्या प्रारण पट्ट्यातील कण खाली उतरलेले असतात. तिथून जाताना दोन्ही खंडांचा दाब खाली आणला जातो, म्हणून निरीक्षणाचे वेळापत्रक त्या फेऱ्या टाळून बसवावे लागते.

१९ जुलै

आज प्रकल्पाच्या गाभ्याला हात घातला.

हबल पृथ्वीच्या वातावरणाबाहेर असली तरी पृथ्वीभोवती पसरलेल्या अतिविरळ हायड्रोजनच्या आतच ती फिरते. सूर्यप्रकाशामुळे तो हायड्रोजन १२१५.६७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) या ल्यमन-आल्फा तरंगलांबीला उजळलेला असतो. दुर्बीण कुठेही वळवली तरी हा उजेड आत येतो आणि २.५ आर्कसेकंद व्यासाचे प्रवेशछिद्र पूर्ण भरून टाकतो. परिणामी जी१३०एम ग्रेटिंगच्या आम्ही पाहत असलेल्या मांडणीत घेतलेल्या प्रत्येक निरीक्षणात, लक्ष्य कोणतेही असो, खंड ब वरची तीच एक जागा भाजून निघते. खंड ब वरचे सर्वांत खोल खड्डे याच कारणाने पडले आहेत. चौथे स्थान सुरू करताना जी१३०एमच्या काही मांडण्यांवर निर्बंध घातले गेले, तेही या उजेडाची झीज मोजक्या जागांपुरती राहावी म्हणून.

आता आमच्या दोन रेषा पाहा. कन्या समूहाच्या परिसरातील तो वायू सेकंदाला सुमारे १,०१५ आणि १,५९० किलोमीटर वेगाने दूर जाताना दिसतो. प्रकाशाच्या वेगाने भागून हिशेब केला, तर त्यांची ल्यमन-आल्फा रेषा अनुक्रमे १२१९.८ आणि १२२२.१ अँगस्ट्रॉमला पडते. म्हणजे आम्हाला जे हवे आहे ते डिटेक्टरच्या सर्वांत थकलेल्या जागेपासून केवळ ४ ते ६.५ अँगस्ट्रॉमवर आहे. शिवाय पहिली रेषा आपल्याच आकाशगंगेतील हायड्रोजनच्या रुंद शोषणाच्या उतारावर बसलेली आहे, त्यामुळे तिथे मुळातच प्रकाश कमी.

हे अंतर पिक्सेलांत मोजून पाहिले. जी१३०एमवर एक पिक्सेल जवळपास ०.०१ अँगस्ट्रॉमचा असतो, म्हणून पहिली रेषा ल्यमन-आल्फापासून सुमारे ४१० आणि दुसरी सुमारे ६४५ पिक्सेलवर येते. त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. डिटेक्टरच्या स्वतःच्या डागांची बाधा कमी व्हावी म्हणून प्रत्येक निरीक्षण ग्रेटिंग किंचित फिरवून चार स्थितींत घेतात आणि प्रत्येक स्थितीत वर्णपट सुमारे २५० पिक्सेलने सरकतो. म्हणून ल्यमन-आल्फाचा खड्डा एक नसून चार आहेत आणि ते सुमारे अडीचशे पिक्सेलच्या अंतराने रांगेत आहेत. टोकाच्या स्थितीत बाकीचे तीन खड्डे आमच्या रेषांच्याच बाजूला, २५०, ५०० आणि ७५० पिक्सेलवर येतात. प्रवेशछिद्राची प्रतिमा सुमारे ११० पिक्सेल रुंद असते, तेव्हा प्रत्येक खड्डा आपल्या केंद्रापासून दोन्ही बाजूंना ५५ पिक्सेल व्यापतो.

विद्यार्थिनीने आलेख-कागदावर ही रांग काढली आणि त्यावर दोन रेषा पेन्सिलने ठेवल्या. पहिली रेषा ५०० च्या खड्ड्याच्या केंद्रापासून ९० पिक्सेल अलीकडे, दुसरी ७५० च्या केंद्रापासून १०५ पिक्सेल अलीकडे. दोन्ही खड्ड्यांच्या मधल्या शाबूत पट्टीत. पहिल्या रेषेला मिळणारी मोकळीक सुमारे ३५ पिक्सेलची, म्हणजे एक तृतीयांश अँगस्ट्रॉमपेक्षा थोडी जास्त. रेषा पुरेशी अरुंद असेल तर ती या पट्टीत मावते. ग्रेटिंगच्या कोनाने ठरणारी मध्य तरंगलांबी आम्ही येथे १२९१ अँगस्ट्रॉम धरली आहे; ती १३०० किंवा त्यापुढे ठेवलेल्या मांडण्यांचे खड्डे ल्यमन-आल्फाच्या लघुतरंग बाजूला पडतात, म्हणून त्यांचा उपद्रव या पट्टीला होत नाही.

कागदावरच्या या निष्कर्षाने मला मनापासून आनंद झाला, पण ग्रेटिंगची प्रत्येक हालचाल बरोबर २५० पिक्सेलची नसते. प्रत्यक्ष डेटामध्ये खड्ड्यांच्या कडा कुठे आहेत, हे पाहिल्याशिवाय ही पट्टी वापरण्यायोग्य धरायची नाही, असे ठरवले.

२ ऑगस्ट

विभागातील एका सहकाऱ्यांनी विचारले की आपल्या देशाची अ‍ॅस्ट्रोसॅट असताना हबलचा आधार कशाला. प्रश्न रास्त आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरील अतिनील दुर्बिणीतही मायक्रोचॅनेल प्लेटच आहे. फरक इतकाच की तिथे इलेक्ट्रॉनांचा ढग फॉस्फरच्या पडद्यावर उजेड पाडतो आणि ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलचा कॅमेरा तो उजेड टिपतो. त्या दुर्बिणीचे बळ सुमारे अर्ध्या अंशाच्या रुंद क्षेत्रात आणि सुमारे दीड आर्कसेकंद इतक्या स्वच्छ प्रतिमांत आहे. तिच्या ग्रेटिंगची विभेदनक्षमता शंभरच्या आसपास आहे, तर आमच्या दोन रेषा वेगळ्या आणि स्पष्ट दिसण्यासाठी काही हजारांची लागते. जी१३०एम ती बारा हजारांच्या वर देते. पुढच्या तुकडीला अ‍ॅस्ट्रोसॅटच्या प्रतिमांवर प्रकल्प द्यावा, असे सहकाऱ्यांशी बोलणे झाले.

९ ऑगस्ट

सुरक्षिततेच्या मर्यादा तपासल्या. स्थिर तेजाच्या लक्ष्यासाठी प्रत्येक खंडावर सेकंदाला १५,००० नोंदींची मर्यादा आहे आणि अनियमितपणे तेज बदलणाऱ्या लक्ष्यासाठी ती ६,००० आहे. क्वासार दुसऱ्या गटात मोडतो, म्हणून आम्हीही दुसरीच मर्यादा धरली.

निरीक्षण वेळ-नोंद पद्धतीने घ्यायचे, म्हणजे प्रत्येक फोटॉनची वेळ ३२ मिलिसेकंदांच्या टप्प्यांत लिहिली जाईल. उपकरणाच्या स्मृतीच्या एका कप्प्यात २३.५ लाख नोंदी मावतात. दोन्ही खंड मिळून सेकंदाला १०,००० नोंदी धरल्या तर कप्पा २३५ सेकंदांत भरेल. प्रत्यक्षात त्याच्या दोन तृतीयांश वेळ सांगण्याचा प्रघात आहे, म्हणजे लक्ष्य अपेक्षेपेक्षा तेजस्वी निघाले तरी नोंदी वाया जात नाहीत. त्यानुसार आम्ही १५५ सेकंद लिहिले. हा आकडा दोघांनी स्वतंत्रपणे काढून एकमेकांशी ताडून पाहिला.

२१ ऑगस्ट

प्रत्यक्ष डेटामध्ये खड्ड्यांच्या कडा मोजल्या. तपासलेल्या फाइलींमध्ये शाबूत पट्टी दिसते, परंतु ती कागदावरच्या पट्टीपेक्षा अरुंद आहे. स्पंद-उंची खड्ड्याच्या कडेला एकदम न घसरता हळूहळू उतरत जाते. १२२२.१ ची रेषा चारही स्थितींत निर्धोक आहे. १२१९.८ च्या रेषेसाठी एका स्थितीचा डेटा आम्ही संशयित म्हणून वेगळा ठेवू आणि उरलेल्या तिन्हींवर भर देऊ.

डिटेक्टरसमोरच्या तारांच्या जाळीची सावली हा वेगळा मुद्दा. सुमारे ८४० पिक्सेलच्या अंतराने वर्णपटात जवळपास २० टक्के खोल घळी दिसतात आणि त्या तरंगलांबीशी नव्हे, डिटेक्टरच्या जागेशी बांधलेल्या असतात. चारही स्थिती एकावर एक ठेवल्या की खरी शोषण रेषा चारहींत एकाच तरंगलांबीला राहते आणि तारेची सावली मात्र प्रत्येक वेळी अडीच अँगस्ट्रॉमने सरकते. विद्यार्थ्याने चार आलेख एकाखाली एक छापून त्यावर लाल पेनने सावल्या आणि निळ्या पेनने रेषा जोडल्या. निळ्या रेघा उभ्या सरळ आणि लाल रेघा तिरप्या निघाल्या. हा कागद आम्ही विभागाच्या फलकावर लावला आहे.

३० ऑगस्ट

अंतिम मांडणी ठरवताना एकच मतभेद उरला होता, तो खंड अ चालू ठेवावा की नाही याबद्दल. आमच्या दोन्ही रेषा खंड ब वर असल्याने, विद्यार्थिनीच्या मते अ बंद ठेवून त्याची झीज वाचवावी; हा विचार मला मोलाचा वाटतो. परंतु १२९१ च्या मांडणीत खंड अ वर क्वासारची स्वतःची रुंद ल्यमन-आल्फा उत्सर्जन रेषा सुमारे १४०८ अँगस्ट्रॉमला येते, शिवाय आपल्या आकाशगंगेतील आयनीभूत सिलिकॉनच्या १३९३.८ आणि १४०२.८ च्या रेषाही तिथेच आहेत. आज त्या टाळल्या आणि उद्या दुसऱ्या कुणी त्यांच्यासाठी याच लक्ष्याकडे दुर्बीण वळवली, तर खंड अ ची झीज होईलच, वर दुर्बिणीचा वेळ आणि खंड ब चे आयुष्यही दुसऱ्यांदा खर्ची पडेल. म्हणून दोन्ही खंड चालू ठेवण्याचा निर्णय मी घेतला आणि तिचे मत कारणांसह अहवालात नोंदवायला सांगितले.

मांडणी अशी: ग्रेटिंग जी१३०एम, मध्य तरंगलांबी १२९१, दोन्ही खंड चालू, वेळ-नोंद पद्धत, चारही स्थिती समान वेळ, कप्प्याचा काळ १५५ सेकंद, आणि निरीक्षण चालू असताना मधून मधून प्लॅटिनम-निऑन दिव्याचा प्रकाश सोडून तरंगलांबीची पडताळणी. दोन खंडांमधल्या फटीत जाणाऱ्या सुमारे १५ अँगस्ट्रॉमसाठी दुसरी मध्य तरंगलांबी घेतलेली नाही. चार स्थितींच्या हालचालीने ती फट भरत नाही हे खरे, पण आमच्या प्रश्नाला त्या तरंगलांबींची गरज नाही आणि गरज नसताना त्या जागा खर्च करणे मला पटत नाही.

संशयित स्थितीचा डेटा वगळल्यावर १२१९.८ च्या रेषेचे संकेत-गोंगाट गुणोत्तर किती खाली येते, तो हिशेब विद्यार्थी पुढील आठवड्यात करणार आहे. ते फारच घसरले, तर त्या संशयित स्थितीचा वेळ कमी न करता उरलेल्या तीन स्थितींना वाढीव वेळ द्यावा लागेल आणि एकूण कक्षा-फेऱ्यांचा अंदाज नव्याने मांडावा लागेल.